गाजरगवताच्या मातीतला घट

गाजरगवत दिसलं की माझं डोकं फिरतं. कॉलेजच्या मागच्या मैदानावर, रस्त्याच्या कडेला, विकायला काढलेल्या रिकाम्या प्लॉटवर, नागपुरात जिथं बघावं तिथं ते उभं असतं. पानं गाजरासारखी, फुलं पांढरी, बारीक. एकदा शिक्षकदिनाला एका विद्यार्थिनीनं गुलदस्त्यात ती फुलं खोचून आणली होती. दिसत छानच होती, तेच तर दुखणं आहे. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. ती रडायला लागली, मग मीच तिला कँटीनमध्ये नेऊन समोसा खाऊ घातला. माझा राग असाच, आधी येतो आणि विचार मागून येतो.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या पोरांना एक प्रॅक्टिकल असतं. दोन काचेच्या बश्या घ्यायच्या, तळाशी ओला टिपकागद ठेवायचा, त्यावर गव्हाचे दाणे मांडायचे. एका बशीत साधं पाणी, दुसरीत गाजरगवताची पानं भिजवून गाळलेलं पाणी. पहिल्या बशीत पांढरी मुळं भराभर पसरतात. दुसऱ्या बशीत दाणा फुगतो, मुळाचं नाक जेमतेम बाहेर येतं, तपकिरी पडतं आणि तिथंच थांबतं. मुळं मोजून पोरं आकडे लिहितात आणि मोबाईल काढतात. मी दरवर्षी तळमळून सांगते, की बाबांनो, उन्हापाण्यासाठी तर सगळीच झाडं भांडतात, पण हे गवत शेजाऱ्याच्या ताटात विष कालवतं. मुळांतून, पानांवरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्यातून, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मेल्यावर कुजता कुजता ते मातीत कडू द्रव्यं सोडतं. पार्थेनिन हे त्यातलं मुख्य. गहू, ज्वारी, मका, कोणाचंच मूळ मग नीट पुढं सरकत नाही. म्हणतात, हे गवत आपल्याकडं आलं तेसुद्धा बाहेरून आणलेल्या गव्हाबरोबर. ज्याच्या पाठीवर बसून आलं त्याच्याच मुळावर उठलं. यावर मागच्या बाकावरून हमखास कोणीतरी विचारतं, ‘मॅडम, हे परीक्षेला येते का?’

या दोन बश्या कधी आमच्या घरात शिरतील असं मला वाटलं नव्हतं.

आमचं गाव नरखेड तालुक्यात. घरची संत्र्याची बाग आहे, आणि विहिरीच्या पलीकडं एक वावर घरच्या गव्हासाठी ठेवलेलं आहे. आम्ही पोळ्या विकतच्या गव्हाच्या खात नाही, असं आमची आई पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगते. गावात आई असते, माझा मोठा भाऊ असतो, वहिनी असते. भावाची पोरं शिकायला बाहेर. मी लग्न केलं नाही. त्याबद्दल गावानं बोलायचं तेवढं बोलून घेतलं आणि आता सगळे थकले. सुट्ट्या आल्या की मी एसटी पकडते आणि घरी जाते.

नवरात्रात आमच्याकडं घट बसतो. तो तर घरोघरी बसतो. पण आईच्या घटाचा गल्लीत दरारा आहे. ज्या वावरात गहू पेरायचा, त्याच वावरातली माती आणायची, हा आमच्याकडचा नेम. ती माती टोपल्यात पसरायची, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा आणि भोवती गहू पेरायचा. रोज एक माळ बांधायची, पाण्याचा हात शिंपडायचा. कोंब वर येतात, त्यांना आम्ही धन म्हणतो. देवघरात ऊन नसतं, म्हणून ते पिवळंधमक येतं. नवव्या माळेपर्यंत धन दाट आणि वीतभर आलं, की गहू उत्तम होणार. दसऱ्याला पुरुष ते टोपीत खोवतात, बाया अंबाड्यात. आईनं पेरलेलं धन विरळ आलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. शेजारपाजारच्या बाया सातव्या-आठव्या माळेपासूनच ‘पाहू द्या ना, बाई’ म्हणत डोकावायला लागतात, आणि मग आपापल्या नवऱ्यांना जाऊन सांगतात.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून या घटाचं सगळं तिनं केलं. जमीन सारवणं, टोपलं धुणं, झेंडूच्या माळा गुंफणं, बायांना चहा देणं. पण गहू पेरायचा तो आईच्याच हातानं. वहिनीनं कधी मागितलं नाही. आईला ती आत्याबाई म्हणते. एकदाच, माळ गुंफता गुंफता, ती मला म्हणाली होती, ‘आत्याबाई पेरतात ना ताई, तवा मी बी मुठीत गहू धरून पायते. माह्या मुठीत किती मावते ते.’ मी हसले होते. तिनं मूठ उघडून मला दाखवलीसुद्धा होती. त्या पेरण्याची तिला इतकी आस होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मी तिला म्हटलं, ‘वहिनी, तुम्ही पण ना!’ आणि विषय बदलला.

मग आईचे गुडघे गेले. खाली बसता येईना, बसलं तर उठता येईना. घट मांडायचा म्हणजे जमिनीवर बसणं आलं. पितृपक्ष संपायच्या सुमारास तिनं एक दिवस खाटेवरून जाहीर केलं, ‘औंदा तू पेर वं.’ बस्स, एवढंच. त्याच दुपारी वहिनीचा मला फोन आला. एरवी ती फोनवर आधी सगळ्यांची तब्येत विचारते. त्या दिवशी एकदम म्हणाली, ‘ताई, औंदा मी पेरून राहिली.’ मी म्हटलं, ‘अरे वा! आता तर मी येतेच.’

कॉलेजच्या कामात अडकले आणि मी पोचले ते चौथ्या माळेला. घरात शिरताच कळलं, काहीतरी बिनसलंय. आई खाटेवर भिंतीकडं तोंड करून जप करत होती, म्हणजे ती चिडली होती. वहिनीनं माझ्या हातातली पिशवी घेतली, पण डोळ्याला डोळा दिला नाही. मी हातपाय धुऊन देवघरात गेले. टोपल्यातली माती काळी, ओली, आणि जवळजवळ उघडी. कुठं एक कोंब, कुठं दोन, तेही करंगळीच्या नखाएवढे. चौथ्या माळेला आमच्याकडं बोटभर धन असतं.

‘जुना गहू होता का?’ मी विचारलं.

‘नाई ना,’ वहिनी उंबऱ्यातून म्हणाली. ‘दरसालचाच हाये. डब्यातला. आत्याबाईंनीच काढून देल्ला.’

मी खाली बसले. माती चिमटीत घेतली. तिच्यात हिरवट-तपकिरी काड्यांचा भुगा होता, पानांचे गाजरासारखे तुकडे होते, आणि कुठं कुठं ती मेली पांढरी फुलं. वास घेतला, कडवट. मी तशीच उठले आणि भावाला हाक मारली. तो अंगणात मोटारसायकल पुसत होता.

‘दादा, वावरात काय केलंस?’

‘काय केलं म्हणजे?’

झालं होतं असं. त्या पावसाळ्यात पाणी थांबायलाच तयार नव्हतं, त्यामुळं विहिरीपलीकडच्या वावरात दादानं काहीच पेरलं नाही. पडीक रानात गाजरगवत कमरेएवढं माजलं. उपटायला मजूर मिळेनात, त्यात त्या गवतानं अंगाला खाज सुटते म्हणून कोणी हात लावेना. घट बसायच्या थोडंच आधी दादानं ट्रॅक्टर बोलावला आणि फुलावर आलेलं सगळं गवत रोटाव्हेटरनं कुटून मातीत मिसळून टाकलं. लोक बोरू, धैंचा पेरतात आणि गाडतात, हिरवळीचं खत होतं, तसंच हे, असा त्याचा हिशोब. ‘फुकटात खत झालं ना, बाई!’ तो म्हणाला. चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा होती.

मी काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. दोन घरं पलीकडची म्हातारी बाहेर येऊन उभी राहिली, यावरून अंदाज करावा.

मग आत येऊन मी आईच्या खाटेवर बसले आणि जमेल तितक्या शांतपणे सांगितलं. हे गवत कुजताना मातीत विष सोडतं. गहू फुगतो पण मूळ धरत नाही. थोडा काळ गेला, पाणी मिळालं, माती हलली की ते विष आपोआप मोडतं. पण ही माती ताजी होती, त्यात टोपल्यातलं पाणी निथळून जायला जागा नाही, म्हणून सगळं तिथंच साचलं. वहिनीचा यात काहीएक संबंध नाही.

आईनं जपमाळ बाजूला ठेवली. ‘इतके साल त्याच वावरातली माती आणून राहिलो. माती काय वैरी झाली आपली?’

‘माती नाही गं, गवत.’

‘गवत काय पहिले नव्हतं? मी तिले काही म्हटलं का? विचार तिले. एका शब्दानं म्हटलं नाई मी.’

ते खरं होतं. आईनं वहिनीला फक्त एकदा विचारलं होतं, ‘शिवाशिव तं नाई झाली ना वं?’ वहिनी ‘नाई’ म्हणाली होती. त्यावर आईनं मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. आमच्या घरात शिक्षा अशीच असते. ओरडून कोणी मोकळं करत नाही. त्या बाबतीत मी आईवर गेले नाही याचं मला बरं वाटतं.

मला वाटलं, बोलून काय होणार, दाखवावं. दोन वाडगे घेतले. एकात मी स्वतः विहिरीजवळच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, स्वच्छ माती खणून आणून भरली. दुसऱ्यात घमेल्यात उरलेली तीच वावरातली माती. दोन्हीत त्याच डब्यातला गहू माझ्या हातानं पेरला, दोन्ही वाडगे देवघराच्याच कोपऱ्यात ठेवले आणि सगळ्यांना बजावलं की दोन्हीला सारखंच पाणी घाला. कॉलेजला जाऊन आठव्या माळेला परत आले. अगदी काचेच्या बश्यांसारखंच झालं होतं! बांधावरच्या मातीत धन पसरून वर आलेलं. वावरातल्या मातीत टोपल्यासारखीच उजाड अवस्था.

मी विजयी वीरासारखे दोन्ही वाडगे आईच्या पुढ्यात नेऊन ठेवले. शेजारची बाईही नेमकी आलेली होती. बरंच झालं, म्हटलं, गावभर हीच सांगेल.

आईनं चष्मा लावला. एक वाडगा पाहिला, दुसरा पाहिला. बोटानं माती उकरली. मग म्हणाली, ‘ही माती कोणं आणली?’

‘मी.’

‘अन् ही?’

‘ही वहिनींनी आणलेली, तीच.’

‘मग?’ आई म्हणाली आणि चष्मा काढून ठेवला. ‘जिले तुहा हात लागला ते उगवलं. जिले तिचा लागला ते नाई उगवलं. हेच तं दिसून राहिलं.’

शेजारची बाई हळूच म्हणाली, ‘बरोबर हाये, माय.’

आयुष्यभर पोरांना एकच गोष्ट घोकून शिकवली, की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर निष्कर्षाला अर्थ नाही. आणि मी दोन बदलल्या होत्या, मातीही आणि ती आणणारा हातही. आईनं मला अचूक तिथंच धरलं. मी तिला खोटं पाडायला निघाले होते, आणि जे घरात नुसतं हवेत होतं त्याला मी पुरावा आणून दिला, साक्षीदारासकट. वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिनं कप ठेवले, साखर बरोबर आहे का विचारलं, आणि ती मागच्या अंगणात निघून गेली.

मी तिच्या मागं गेले. ती नळाखाली भांडी घासायला बसली होती. मी म्हटलं, ‘वहिनी, सोपं आहे. बांधावरची माती तुम्हीच आणा, तुम्हीच पेरा. तुमच्या हातानं. अन् वावरातली माती दादा आणेल, मी पेरते. दसऱ्यानंतर करू, घाई नाही. आठ दिवसांत सगळ्यांची तोंडं बंद होतील.’

ती राखेनं पातेलं घासत राहिली. मला वाटलं ऐकलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं.

‘नको ताई,’ ती म्हणाली.

‘काहून नको?’ मला राग आला की माझी भाषा गावची होते.

‘अन् नाई उगवलं तं?’

‘उगवेल! का नाही उगवणार? कोणाच्याही हातानं उगवेल.’

तिनं पातेलं खाली ठेवलं. इकडं तिकडं पाहिलं, आणि हळू आवाजात मला ते सांगितलं. तिची पाळी आता कधी दोन महिन्यांनी येते, कधी पंधरा दिवसांत. आमच्या घरात त्या दिवसांत देवघराला शिवत नाहीत, मी कितीही डोकं आपटलं तरी नाही. घट मांडून झाल्यावर, पहिल्या माळेच्या दुपारी, तिला कपड्यावर जरासा डाग दिसला. अगदी जरासा. पुन्हा काहीच नाही. ‘पेरला तवा नव्हतं ताई, देवीशपथ. पण मले काय मालूम, अंदर कवापासून असन. सांगितलं असतं तं घट मोडला असता त्यायनं. इतक्या वर्सानं हातात आला होता.’

मी तिला म्हटलं, वहिनी, त्याचा आणि गव्हाचा काही संबंध नाही. शरीराचं आहे ते. माझंही झालं, सगळ्यांचं होतं. गवताचं विष होतं ते, मी शिकवते हे, दरवर्षी माझ्या डोळ्यांसमोर घडतं. ती ऐकत होती. मान हलवत होती. मी थांबल्यावर म्हणाली, ‘तुमी म्हणता ते खरं असन. तुमी शिकल्या आहा. पण चांगल्या मातीत बी माह्या हातानं नाई उगवलं, तं मंग मी कुठी जाऊ, ताई?’

माझ्याकडं शास्त्र होतं. तिच्याकडं एक छोटीशी शंका शिल्लक होती, की कदाचित दोष माझा नसेलही, आणि ती शंका तिला प्रयोगात घालवायची नव्हती. मी तिच्याजवळ त्या ओल्या फरशीवर बसून राहिले. साडी मागून सगळी भिजली. इतकं हतबल मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. रडू आलं, आणि राग आला, आणि दोन्ही कोणावर काढावं तेही कळेना.

उरला दादा. त्यानं एक वाक्य बोललं असतं की सगळं मिटलं असतं. आई माझं ऐकत नाही, पण शेतीच्या बाबतीत दादाचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. मी त्याला बागेत गाठलं. म्हटलं, आईला सांग, की मी गवत गाडलं म्हणून माती बिघडली. आणि गव्हाची घाई करू नको. पाणी दे, एक-दोनदा वखर फिरव, सगळं कुजून जाऊ दे, मग पेर.

‘सांगतो ना,’ तो म्हणाला.

‘आज सांग.’

‘सांगतो म्हटलं ना. तू बी का...’ मग संत्र्याच्या फांदीशी खेळत, ‘रोटाव्हेटर मी फिरवला, पैसे मी देल्ले, अन् घट माह्यामुळं गेला असं गावात झालं तं मंग बोंब माह्या नावानं होईन. आई दोन दिवस फुगन अन् विसरन. तिचं काय मनावर घेते?’

तेव्हा मला कळलं की त्याला पटलेलं होतं. पूर्ण पटलेलं होतं. आणि पटूनही तो बोलणार नव्हता. मी त्याला नको नको ते बोलले. तो ऐकून घेत होता. आमच्या घरात पुरुषांना बायकांचं ऐकून घेण्याची चांगली सवय आहे, त्यामुळं त्यांना पुढं काही करावं लागत नाही.

गहू त्यानं लवकरच पेरला. दिवाळीनंतर मी गेले तेव्हा वावर पाहायला गेले. ठिकठिकाणी टकलं पडल्यासारखं दिसत होतं, आणि मधे मधे ते गवत पुन्हा डोकं काढत होतं. सगळा दोष गवताचाच होता का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या वर्षी थंडी उशिरा पडली, पेरणीच्या वेळी ऊन होतं, बियाणंही घरचंच होतं. शेत म्हणजे काचेची बशी नव्हे. पण घरात एवढी चिकित्सा करायची कोणाला गरज नव्हती. घटानं आधीच सांगितलं होतं, आणि घट का बिघडला तेही सगळ्यांनी ठरवलेलं होतं. आई वहिनीला तेव्हाही एका शब्दानं बोलली नाही. बाजारातून गव्हाचं पोतं आलं, ते वहिनीनंच निवडलं, दळून आणलं, पोळ्या केल्या. पाहुणे आले की आई गव्हाचा विषय काढत नसे, आणि तेवढ्यानं वहिनीची मान खाली जाई.

पुढच्या पावसाळ्यात दादानं गाजरगवत फुलावर येऊच दिलं नाही. जास्त मजुरी देऊन, हातमोजे आणून, मुळासकट उपटून घेतलं. कोणाला काही बोलला नाही. वावर साफ, माती मोकळी, वर्षभराचं ऊनपाणी खाल्लेली. मी चिमटीत घेऊन पाहिली. त्या मातीत कोणीही काहीही पेरलं असतं तरी उगवलं असतं.

नवरात्राच्या आधी आईचा फोन आला. ‘तू ये. औंदा तू पेर.’

‘मी का? वहिनी आहेत ना घरात.’

‘तूच या घरची हायेस. अन् तुह्यं तं आता बंद झालं, काही भेवच नाई.’ माझ्या मेनोपॉजचा असा उपयोग होईल हे मला डॉक्टरीण बाईंनी सांगितलं नव्हतं.

मी घरी गेले ती भांडायच्या तयारीनं. वहिनीच पेरतील, नाहीतर मी निघाले, असं आईला सांगणार होते. पण त्याआधी वहिनीनं मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओढलं आणि माझे हात धरले. ‘ताई, तुमीच पेरा. माह्यासाठी पेरा. मले पेराले लावू नका. औंदा बी नाई आलं तं मी या घरात तोंड दाखवू शकत नाई.’ माती दादाकडून आणवली होती तिनं. घमेल्यालासुद्धा तिनं बोट लावलं नव्हतं.

आता मी काय करायचं होतं? मी पेरलं आणि आलं, तर गेल्या वर्षी वहिनीचाच हात वाईट होता यावर शिक्का. मी नाही पेरलं, तर घट बसायचा राहिला, तोही वहिनीमुळंच. एकदा तर असंही मनात आलं, की गाजरगवताचं पाणी उकळून आणावं आणि माझ्याच हातानं पेरलेलं धन जाळून टाकावं. म्हणजे हात माझा वाईट ठरेल, माझं काय जातंय! खोटं कशाला सांगू, देवीसमोर बसून मी हा विचार बराच वेळ केला. पण या घराला मी ओळखते. माझा हात वाईट ठरलाच नसता. वहिनीची सावली पडली असती.

मी पेरलं.

त्या नऊ दिवसांत वहिनी देवघराच्या उंबऱ्याच्या आत आली नाही. आईनं तिला मना केलं नव्हतं. माळा ती बाहेरच गुंफायची आणि सुपात ठेवून सूप उंबऱ्याशी सरकवायची. नैवेद्याचं ताटही तसंच. टोपल्याकडं पाहायचीसुद्धा नाही. मी दोनदा तिचा हात धरून आत ओढायला गेले, तर तिनं असा काही हात सोडवून घेतला की मी पुन्हा धजावले नाही. मी चिडले, समजावलं, एकदा तर आईवर आवाज चढवला. आई म्हणाली, ‘मी काय म्हटलं तिले?’ आणि खरंच, कोणीच तिला काही म्हटलं नव्हतं.

धन आलं. नवव्या माळेला वीतभराच्या वर, इतकं दाट की माती दिसेना. शेजारणी आल्या, त्यांनी तोंडाला पदर लावले, ‘बापा बापा, काय आलं वं!’ म्हणाल्या. आई खाटेवरून मान उंच करून पाहत होती आणि सगळ्यांना सांगत होती की माह्या पोरीचा हात हाये.

दसऱ्याला सकाळी मी धनाच्या जुड्या कापून बाहेर आणल्या. दादाच्या टोपीत एक खोवली. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. आईच्या अंबाड्यात एक खोवली. वहिनी ओसरीत उभी होती. तिनं पहिल्यांदाच ते धन पाहिलं, आणि वर्षभर आवळून धरलेला तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. ‘अवं माय! ताई, किती दाट आलं!’ ती हसत होती. खरोखर हसत होती. ‘पाहा ना, मी नऊच्या नऊ दिवस अंदर पाय टाकला नाई. म्हून आलं.’

मी एक जुडी घेऊन तिच्या अंबाड्यात खोवायला पुढं झाले. ती पटकन मागं सरली, पाठ भिंतीला लागेपर्यंत.

‘नका ताई,’ ती हसत हसतच म्हणाली, ‘इतकं चांगलं आलं हाये.’